चार टॉप, चार बेस, एक क्लॅरिनेट

१.
भाच्याचं लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. ताईचं घर घाटंजी तालुक्यात, मुलीकडचे पांढरकवड्याच्या पुढचे. वाजंत्र्याचा खर्च मामाकडे. मामा म्हणजे मी. सोबत माझं मतही मागितलं आहे, पण ते खर्चाइतकं सक्तीचं नाही.

२.
२०२६ साली १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. महिनाभर मुहूर्त नाहीत. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याची लग्नं त्याच्या आत कोंबलेली. बँडवाला, डीजेवाला, मंडपवाला, आचारी, सगळ्यांच्या डायऱ्या भरलेल्या. एका बँडवाल्यानं डायरी उघडून दाखवली. एका तारखेवर चार नावं.
"चार ठिकाणी कसे जाल?"
"चार पार्ट्या करीन."
"माणसं?"
"कोट हायेत ना."

३.
या धंद्यात आगाऊ ठरवण्याला अजूनही 'सुपारी' म्हणतात. चांगला शब्द होता. मुंबईच्या गुन्हेवार्तांनी खराब केला. बँकेच्या रांगेत उभा राहून मी फोनवर म्हणालो, "हो हो, सुपारी उद्या देतो," तर पुढचे दोघे वळून बघायला लागले.

४.
डीजे म्हणजे मुळात माणूस, तबकड्या लावणारा. आमच्याकडे डीजे म्हणजे गाडी. "डीजे चिखलात फसला." "डीजेचं टायर बसलं." "डीजे मागं घे रे." माणसाला ऑपरेटर म्हणतात.

५.
बँडमास्तरांचं दुकान यवतमाळच्या जुन्या वस्तीत, दहा बाय बाराची खोली. भिंतीला लाल कोट, तुऱ्याच्या टोप्या, एका खिळ्याला तीन क्लॅरिनेट. कोपऱ्यात पालथा घातलेला बेस ड्रम, त्यावर चहाचे कप. पितळी वाद्यं मेरठची. तिथे जली कोठी नावाची वस्तीच या कामाची आहे. नादिर अलींची कंपनी १८८५ पासूनची. पलटणींच्या बँडसाठी सुरू झालेला धंदा पुढे वरातींवर जगला. कोट अजून पलटणीचाच आहे. खांद्यावरच्या सोनेरी झालरी, छातीवर दोऱ्या. मोर्चा फक्त मारोतीच्या देवळापासून मांडवापर्यंत.
मास्तरांनी चहा सांगितला, चष्मा पुसला आणि विचारलं, "सर, तुमाले नाचाचं हाय का आयकाचं हाय?"
मी म्हटलं, दोन्ही.
"मंग दोन सुपाऱ्या द्या."

६.
डीजेवाल्याचं दुकान म्हणजे फोन. पोरगा बावीस-तेवीसचा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यात माणूस एकही नाही. स्पीकरची भिंत आणि तिच्यावर फिरणारे दिवे.
त्याचा पहिला प्रश्न: "काका, कच्चा रस्ता किती?"
दुसरा: "विजेच्या तारा किती उंचावर हायेत?"
मास्तरांनी विचारलं होतं, वऱ्हाड किती.

७.
'चार टॉप, चार बेस.' हे डीजेच्या स्पीकरचं माप आहे. दोन-दोन असला की घर गरीब, सहा-सहा असला की मुलाचा बाप ठेकेदार.

८.
नियमातलं माप वेगळं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात, म्हणजे दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालच्या शंभर मीटरमध्ये, ५० आणि ४०. दोन माणसं समोरासमोर साधं बोलली तरी ६० च्या आसपास जातं. आमचे भाऊजी फोनवर बोलतात तेव्हा साधं बोलत नाहीत.

९.
डेसिबलची शिडी सरळ नाही. दहानं आकडा वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट. ९० आणि १०० हे आकडे कागदावर मात्र शेजारी-शेजारी बसतात. ऑपरेटरच्या बोटाखालीही.

१०.
जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतील, ९० झाले तर ४ तास. आमच्याकडचा परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, मारोतीपासून मांडवापर्यंत पोचायला साधारण तेवढाच वेळ घेतो. अंतर चारशे पावलं.

११.
लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. बँड तीन क्विंटलला. डीजे चार क्विंटलला, जनरेटरचं डिझेल आपलं. ताई रुपयात हिशेब करतच नाही.
"चार क्विंटल म्हणजे मी किती दिवस वेचलं, सांगू का?"
कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलंही नाही. पाणी प्यायला आत गेली.

१२.
पीककर्ज आणि लग्नसराई एकाच महिन्यात येतात. योगायोग आहे.

१३.
भाचा पुण्यात नोकरीला. त्यानं गाण्यांची यादी पाठवली. ४१ गाणी, क्रमवार, कुठल्या गाण्याला कोण एन्ट्री घेणार त्यासकट. मी ती मास्तरांना वाचून दाखवली. तीन येतात म्हणाले. "बाकीची दोन दिवस आधी पाठवा, चाल बसवतो. बोल नाई लागत आमाले."

१४.
भाऊजींना बँडच हवा. कारण त्यांच्या लग्नात बँड होता. पुरावा म्हणून अल्बम काढला. फोटोत नवरा-नवरी हलले आहेत, क्लॅरिनेटवाला स्वच्छ आला आहे.

१५.
भाऊजींच्या आईला ऐकू कमी येतं, जवळपास नाहीच. तिचं मत डीजेला.
"बँड दिसते नुसता. डीजे छातीत वाजते."
आवाज हवेतून जातो हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. पन्नास हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर. मातीची भिंत तिला अडवत नाही, हेही फळ्यावर लिहिलं. म्हातारीनं खाटेवर बसून प्रयोग करून दाखवला.

१६.
'नागिन' चित्रपट १९५४ चा. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली ती बीन बीन नव्हती; कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वीजवाद्यावर वाजवलेली होती. सत्तर वर्षं झाली, गावोगावचे बँडवाले त्या यंत्राची नक्कल क्लॅरिनेटवर करतात, आणि दातांत रुमाल धरून रस्त्यावर लोळणारा माणूस मात्र अस्सल असतो.

१७.
गावाकडे रात्री वावरातून कुत्रं भुंकतं. ठरावीक अंतरानं, ठरावीक वेळा. ते कुत्रं नाही, भोंगा आहे. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांच्यासाठी बॅटरीवर रेकॉर्डिंग लावतात: कुत्रं, वाघ, माणसाचा आरडाओरडा.
भाऊजी म्हणाले, "पयले आठ दिवस डुकरं पयाले. मंग समजलं त्याईले."
आता ते पुन्हा स्वतः जागलीला जातात, डबा आणि काठी घेऊन. डबा कधी वाजेल ते डुकरांना माहीत नसतं. भाऊजींनाही नसतं, मधे डोळा लागतो. भोंगा विकायला काढला आहे.

१८.
देवळात आरतीसाठी मोटर बसवली आहे. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा एकदम सुरू. वीज गेली की पुजारी टाळ्या वाजवतो. देवानं अजून काही म्हटलेलं नाही.

१९.
'त्याचा बँड वाजला' म्हणजे त्याची वाट लागली. 'त्याचा डीजे वाजला' असं कुणी म्हणत नाही. अजून.

२०.
जेवणाची पानं. बँड: पंधरा. डीजे: तीन, आणि थंड पाण्याचा एक कॅन. आचाऱ्यानं हा फरक कागदावर मांडला आणि डीजेच्या बाजूनं मत दिलं. आचाऱ्यालाही मत असतं हे आम्ही धरलं नव्हतं.

२१.
'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या वादकांचा मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण करून आले. चित्रपट २०१६ चा. ती व्हायोलिनं आता घाटंजी रोडवर आयशरमधून वाजतात. माणसंच वाजवतात ती. फक्त जेवायला येत नाहीत.

२२.
कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात एक पोटकलम आहे: लग्नाच्या वरातीत आणि लग्नाच्या इतर समारंभांत गाणं वाजवलं तर तो हक्कभंग नाही. केंद्रानं २४ जुलै २०२३ ला नोटीस काढून ते पुन्हा सांगितलं. म्हणजे गाणी दोघांनाही फुकट. बँडला ती आधी शिकावी लागतात. कायद्यात तो खर्च धरलेला नाही.

२३.
ऑकलंडच्या विद्यापीठातले ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे: 'ब्रास बाजा', २००५. मी मोठ्या उत्साहानं मास्तरांना सांगितलं.
"गोरा काय?"
"हो."
"मंग त्याच्याकडच्या लग्नाले बँड हाय का डीजे?"

२४.
तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं जमवली. १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही ती सोबत होती. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज एकटे सात खंजिऱ्या वाजवतात. मी सहज सुचवलं, लग्नात प्रबोधनाचा कार्यक्रम ठेवू.
भाऊजी एकदम गंभीर झाले. "नोको. ते खर्चावर बोलतीन."

२५.
डफडं. बँडच्या आधी गावात तेच होतं. ते वाजवणं हे एका वस्तीचं काम म्हणून ठरलेलं. मोबदला धान्याचा. लग्न लागेपर्यंत हेच सर्वांच्या पुढे, आणि लग्न लागल्यावर सर्वांच्या मागे; जेवण शेवटच्या पंगतीला, तेही मांडवाबाहेर. माझ्या लहानपणी मी हे पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो. पुढे काहींनी डफडं खुंटीला टांगलं ते टांगलंच, पुन्हा हात लावला नाही. काहींनी लाल कोट घातला. कोट घातल्यावर माणूस मांडवाच्या किती आत येतो, हे एकदा पावलांनी मोजायला हवं.

२६.
डीजेवाल्या पोराचं आडनाव कुणी विचारलं नाही.

२७.
दुर्गोत्सवात यवतमाळचा नंबर कलकत्त्याच्या खालोखाल, असं आम्ही सांगतो. कलकत्त्याला विचारलेलं नाही.

२८.
पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहतात आणि माणसं झडत्या म्हणतात. यमक जुळवून एकमेकांना टोमणे, सरकारला टोमणे, सावकाराला तर पिढ्यान्‌पिढ्या. झडतीला वाद्य लागत नाही, ऐकू येणं लागतं. गेल्या पोळ्याला पोरांनी वर्गणी काढून डीजे आणला. माणसांत दोन मतं होती. बैलांत एकच. तोरण तुटलं, दोन बैल थेट नाल्यापलीकडे सापडले.

२९.
बंजाऱ्यांचं तीर्थ पोहरादेवी जिल्ह्याबाहेर, वाशीममध्ये. पण दिग्रसकरांना ते सांगून उपयोग नाही. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकार नगाऱ्याचा. होळीला पुसदकडच्या एका तांड्यावर होतो. लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, ब्लूटूथ स्पीकरवर लागली होती. शेजारी एक म्हातारा बसलेला. स्पीकरच्या आधी पुढची ओळ पुटपुटत होता, प्रत्येक वेळी अर्धा श्वास आधी. मधेच चार्जिंग संपलं. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं नाही.

३०.
मुलीकडचे म्हणतात, आमच्याकडून पैनगंगेपलीकडचा डीजे आणतो, आदिलाबादकडचा. गाणी तेलुगू. आमच्या वऱ्हाडाला शब्द कळणार नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, आत्ताचे तरी कुठे कळतात?"

३१.
मयताचं घर वाटेत लागलं की बँड आपोआप गप्प होतो. दवाखान्यासमोर, मशिदीसमोरही. सांगावं लागत नाही. पुढे चालणारा मास्तर नुसता हात वर करतो. डीजेच्या गाडीत ऑपरेटर नाचणाऱ्यांकडे, म्हणजे मागे, तोंड करून बसतो. त्याला गेलेलं घर दिसतं, येणारं नाही.

३२.
१९२३ साली नागपुरात मशिदीवरून दिंडी वाजवत न्यायची की नाही, यावरून सत्याग्रह झाला. तेव्हा वाद होता तो टाळ-मृदंगाचा.

३३.
२०१८ मध्ये गणेश विसर्जनाच्या तोंडावर डीजेवाल्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. त्यांना दिलासा मिळाला नाही. मास्तरांनी त्या बातमीचं कात्रण आरशाला चिकटवलं आहे. त्यालाच टेकून त्यांच्या मुलाचा फोन चार्जिंगला लावलेला असतो. स्क्रीनवर स्पीकरच्या जाहिराती.

३४.
डीजेवाल्याच्या डायरीत १४ एप्रिलच्या पानावर निळी चौकट. त्या दिवशी लग्नाची सुपारी घेत नाही. "दुप्पट देतो म्हटलं तरी?" "काका, त्या दिवशी आमी पैसे घेत नाई. डिझेल घेतो फक्त."

३५.
अंत्ययात्रेला भजनी मंडळ पाहिलं आहे. एकदा बँडही पाहिला, म्हाताऱ्याची इच्छा होती म्हणून. डीजे अजून नाही पाहिला.

३६.
एप्रिलची दुपार, ४३-४४ अंश. गरम हवेत फुंकवाद्याचा सूर थोडा चढतो. कॅसिओचा चढत नाही. दोन्ही एकाच गाड्यावर असले की दोघांत अंतर पडतं. मास्तरांना हे सांगितलं, तर ते हसले.
"सर, त्या वक्ताले आयकते कोण? सारे पंख्याखाली असतेत. आमी आन् नवरदेव उन्हात."
लोकरी कोट आतून ओला होतो, बाहेरून वाळतो, पुन्हा ओला होतो. पाठीवर मिठाचा नकाशा. तो धुतला जातो जूनमध्ये.

३७.
नियम: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. भाच्याच्या हळदीचा त्या यादीत विचार झालेला नाही.

३८.
पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज. रकाना: 'कार्यक्रमाचे स्वरूप'. माझ्यापुढच्यानं लिहिलं होतं, 'आनंदाचे'.

३९.
घरात बैठक. भाऊजी बँड. भाचा डीजे. आजी डीजे. आचारी डीजे. ताई, "कायी लावा, पण माणसं जेवून जाऊ द्या." धाकट्या चुलत्यानं सांगितलं, दोन्ही लावा. मग एक तास सगळे त्याच्यावर ओरडले. मग दोन्ही लावायचं ठरलं: हळदीला घरी डीजे, परण्याला मुलीकडे बँड. सात क्विंटल.
मास्तरांना फोन केला. "मले पयल्या दिवशीच मालूम होतं, सर."

४०.
हळद. पत्रिकेत आठ वाजता छापलेली. सुरू झाली सव्वानऊला. गाडी वळणावर अडकली, तारा वर उचलायला दोघं काठ्या घेऊन उभे. मग पहिला ठोका पडला आणि ओसरीच्या पत्र्यावरचा वर्षभराचा कचरा खाली आला. पोट्टे नाचले, हे अपेक्षित होतं. मग बायका आल्या. बँडसमोर आमच्याकडच्या बायका नाचत नाहीत. तो उजेडात, रस्त्यावर, अख्ख्या गावासमोर असतो, आणि पुढे पंधरा परके पुरुष उभे. इथे अंगण आपलं, उजेड जातो-येतो, ऑपरेटर गाडीत चढून बसलेला. आधी पोरी, मग वहिन्या, मग शेजारच्या. शेवटी ताई. हळदीच्या हातांनी, पदर खोचून. मी जन्मात ताईला नाचताना पाहिलं नव्हतं. तिला नाचता येतं.
आजी खाटेवर. हात छातीवर.
दहाला पाच कमी असताना पोलीस पाटील अंगणाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि मनगट वर करून घड्याळ दाखवलं. बोलून उपयोग नव्हता.

४१.
सव्वानऊ ते दहा. भाडं पूर्ण रात्रीचं.

४२.
बंद झाल्यावर गावात आवाज आला तो कुत्र्यांचा. खरा की भोंग्याचा, हे थोडा वेळ कळेना.

४३.
गाडीच्या दाराला क्यूआर कोड चिकटवलेला. नोट ओवाळायची सोय नाही म्हणून. चुलत्यानं नवरदेवावरून मोबाइल ओवाळला आणि मग स्कॅन केलं.

४४.
परण्या. मारोतीच्या पारापासून. मास्तर सर्वांत पुढे, क्लॅरिनेट आभाळाकडे. एका म्हाताऱ्यानं दहाची नोट धरली. मास्तरांनी सूर न सोडता ती दोन बोटांत घेतली, त्याच हातानं पुढचं भोक दाबलं. हे मी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मीच नोट धरली होती.
बेस ड्रमवरही क्यूआर.

४५.
पंधरा मोजले. त्यातले चार नुसतेच फुंकल्याचं दाखवत होते. तशी या धंद्यात पद्धतच आहे. रांग भरलेली दिसली पाहिजे. चौघांतला एक ओळखीचा वाटला. माझा विद्यार्थी, नववी ब, मागचा बाक. तेव्हाही प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचा. त्यानं मला पाहिलं आणि गाल आणखी फुगवले.

४६.
मुलीकडच्या आळीत एक दार बंद, ओसरीवर माणसं पांढऱ्या टोप्यांत. मास्तरांचा हात वर गेला. परण्या पन्नास पावलं नुसत्या चपलांच्या आवाजात चालला. नवरदेवाच्या घोड्याला तेवढ्यात झोप लागली.

४७.
मंगलाष्टकांच्या वेळी सगळं बंद. मग माईकनं शिट्टी मारायला सुरुवात केली. शेवटचं 'सावधान' पुरतं म्हणून व्हायच्या आधीच साईड ड्रमचा ठोका पडला. अक्षता त्याच्यावर पडल्या, भटजींवर नाही.

४८.
भाच्याची यादी: ४१ गाणी. डीजेवर वाजली अकरा. बँडवर वाजली तीन, पण त्यांतलं एक तीनदा.

४९.
पंगत. बँडची पंधरा पानं चौथ्या पंगतीला बसली. मांडवाच्या आत, पण कनातीला लागून. मी पावलं मोजली. आकडा लिहून ठेवला आहे, इथे देत नाही.
डीजेवाला पोरगा लग्नालाही आला होता, भाच्याचा मित्र झाला म्हणून. पहिल्या पंगतीला जेवला.

५०.
हिशेब. मास्तरांना उरलेले पैसे द्यायला यवतमाळला गेलो. दुकानात नवी बेस-पेटी, खोक्यासकट. चहाचे कप आता तिच्यावर. मुलानं घेतली, हप्त्यावर. मास्तर तिच्याकडे बघत नाहीत, पण कप मात्र पुसून ठेवतात.
तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्यांसाठी नवा बोर्ड करायचा आहे. मी शिक्षक, म्हणून शुद्धलेखन तपासायला कागद पुढे केला. दोन प्रश्न होते. 'डीजे' एक शब्द की दोन. आणि आधी बँड लिहायचं की आधी डीजे.
पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं.